बाबांची तिसरी तार

लास वेगास
११ जानेवारी १९८९

केपानो,

आधी खाली बस बघू. उभ्यानं वाचशील, पडशील आणि खापर थोरल्या बहिणीच्या डोक्यावर फोडशील. मी गिटार घेतली. मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती, विजेची, सहा तारांची. चौसष्टाव्या वर्षी! हस आता पोट धरून.

गहाणवटीच्या दुकानात काचेमागे पडली होती. इथे माणूस जुगारात हरला की आधी घड्याळ ठेवतो, मग अंगठी, मग गिटार. लाल रंगाची आहे, कडेचे टवके उडालेत, आणि खुंट्या अशा दळभद्री की आवळून ठेवल्या तरी तासाभरात आपोआप ढिल्या. सोबतचा स्पीकर तर मी काही वाजवायच्या आधीच कढईसारखा चरचरतो. स्वस्तातलं ते स्वस्तातलंच. पण पोलादी कांडी तारांवर टेकवून पहिला सूर लांबवला ना, तर लेक माझी स्वयंपाकघरातून धावत आली. "आई, रडतेयस का गं?" मी म्हटलं, "मी नाही वेहि, ही रडतेय."

हॉटेलच्या धुलाईखान्यात एकवीस वर्षं चादरी काढून माझी बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झालीत. साधी गिटार मला जमायची नाही, तारा दाबायला जोरच नाही. हिला दाबायचं नसतंच. कांडी ठेवायची, सरकवायची, मनगट जरा हलवायचं. देवानं म्हाताऱ्या धोबिणींसाठीच केलीय बघ ही.

आता मुद्द्याचं. बाबांची जुळणी मला पाठव. सहा तारा ते कशा लावायचे, एवढंच. त्यांनी आईवर केलेलं गाणं मला वाजवायचंय, दुसरं काही नको. इथल्या पुस्तकातल्या तीन-चार जुळण्या लावून पाहिल्या, त्यात ते गाणं बसतच नाही. नवऱ्याचा कोट दिरानं घातल्यासारखं दिसतं.

तब्येतीला जप. वायनोनासारखी बायको गेल्यापासून तू नीट जेवत नाहीस असं कळलं. भात तरी लावत जा.

मिलेका

*

पुकोओ, मोलोकाई बेट
२ फेब्रुवारी १९८९

मिलेका,

बसूनच वाचलं. तरी पडलोच.

साठी बुद्धी नाठी म्हणतात ते तुला चार वर्षं उशिरा लागू झालं. अगं, या वयात गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवतात, गिटार नाही. तिथे एवढी यंत्रं आहेत जुगाराची, त्यांचे दांडे ओढ. तेवढाच हाताला व्यायाम.

जुळणीचं विचारलंस. तुला ठाऊक आहे ना ती कशी असते? घरातल्या एकालाच द्यायची. बाबा नुसते लघवीला उठले तरी सहाही तारा सैल करून जायचे, कुणी कान लावायला नको म्हणून. होनोलुलूहून तो हॉटेलवाला वाजवणारा आला होता, बाबांनी त्याला डुक्कर भाजून घातलं, दोन दिवस ठेवून घेतलं, आणि जाताना हसत हसत भलतीच जुळणी सांगितली. मी शपथेला बांधलेला माणूस आहे. तुला नाही म्हणताना मला काय गुदगुल्या होतात काय? पण नाही म्हणजे नाही.

दुसरं काहीही माग. वाळवलेले मासे पाठवू? यंदा बांगड्यासारखे ते मोठ्या डोळ्यांचे मासे पुष्कळ लागलेत. आणि फोन करत जाऊ नकोस. खारं वारं लागून लाइन खराब झालीय, नुसता खरखराट येतो. लिहीत जा.

केपानो

*

लास वेगास
१४ फेब्रुवारी १९८९

केपानो,

मासे तुझ्या शपथेला खाऊ घाल.

पन्नास वर्षं मी तोंड शिवून बसले, आज बोलते. रविवारी चर्च झालं की बाबा आंब्याखाली बसायचे आणि तुला समोर बसवायचे. मला सांगायचे, "मिलेका, तांदूळ धू." किती तांदूळ धुवायचे रे एका माणसानं? मी स्वयंपाकघराच्या फळीला कान लावून ते तांदूळ धुतलेत. तू तिथे बसून नाकात बोटं घालायचास, आणि सूर माझ्या कानात शिरायचे.

तुला माहीत नसलेली गोष्ट सांगते. मी चौदा वर्षांची असताना बाबा जाळं घेऊन गेले की मी त्यांची गिटार खाली काढायची. तारा सैल असायच्याच. मी एकेक तार आठवणीनं चढवत न्यायची, आत ऐकलेल्याशी जुळेपर्यंत. चार महिन्यांत चार तारा मिळाल्या. जाड तीन आणि बारीककडून तिसरी. दोन राहिल्या. एका दुपारी बाबा लवकर आले. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं. तारा काढल्या, खिशात घातल्या, आणि महिनाभर त्या खिशात घालून फिरले. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी कुणी होनोलुलूची हॉटेलवाली नाही. त्यांच्या रक्ताची आहे, तुझ्याआधी दोन वर्षं जन्मलेली. तुला मूल नाही, केपानो. राग मानू नकोस, पण तू गेलास की ती जुळणी गेली आणि आईचं गाणं गेलं. बाबा दुसऱ्यांदा मरतील. या वेळी तुझ्या हातून.

दोन तारा मागतेय. फक्त दोन.

मिलेका

*

पुकोओ
३० मार्च १९८९

मिलेका,

सोबतच्या चिठ्ठीवर सहाही तारा आहेत. चर्चच्या पियानोचे सूर घेऊन मागेच लिहून ठेवल्या होत्या, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत. एकदोन ठिकाणी 'किंचित चढा', 'किंचित उतरता' असं लिहिलंय, ते नीट बघ. बाबांनी मला दिलं अगदी तसंच देतोय. एक कानामात्रा इकडची तिकडे नाही.

तू लिहिलंस त्यानंतर मला झोप नव्हती. तांदळाचं मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण तसं नाही.

चिठ्ठी पाठ झाली की जाळ.

केपानो

*

लास वेगास
२० एप्रिल १९८९

माझ्या सोन्या,

चिठ्ठी जाळली. राख बेसिनमधून सोडली, वेहि म्हणाली, "आई, तू काय हेर आहेस का?"

केपानो, आईचं गाणं बसलं! पहिली ओळ पहिल्याच दिवशी. रोज सकाळी तीन तास बसते. कांडीच्या मागे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तारांवर ओढत न्यायचं, म्हणजे मागचा चरचराट दबतो, हे आत्ता कुठे जमायला लागलंय. या लाल बयेच्या पट्टीवरच्या खुणा चुकीच्या रंगवल्यात, त्या बघून वाजवलं की बेसूर. म्हणून डोळे मिटून वाजवते. शेजारचा मेक्सिकन म्हातारा भिंतीवर ठोकायचा, तो आता कुंपणाशी खुर्ची टाकून बसतो.

आणि तुला एक सांगू? माझ्या चार तारांपैकी तीन बिनचूक निघाल्या! चौदा वर्षांच्या पोरीनं फळीआडून ऐकलेल्या, पन्नास वर्षं जपलेल्या. मी एकटीच घरभर नाचले.

तिसरी मात्र चुकली होती. मी ती जरा उतरती धरून बसले होते, तू लिहिलेली चढी आहे. पहिले दोन दिवस कानाला खुपली. हात सारखा खुंटीकडे जायचा. मग स्वतःलाच म्हटलं, मिलेका, तू फळीआडून ऐकलंस, त्यानं समोर बसून ऐकलं, शहाणपणा पुरे. चढवून टाकली. आता सवय झाली.

रविवारी फोन करते. खरखर असू दे. गिटारीपाशी फोन ठेवून वाजवीन, तू ऐक आणि बाबांसारखं येतंय का सांग. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझी मिलेका

*

पुकोओ
२६ मे १९८९

मिलेका,

पत्र मिळालं. बरं वाटलं. यंदा आंबा चांगला धरलाय. बोकड कुंपण मोडून पळाला होता, सापडला. फोन करू नकोस, लाइन अजून तशीच आहे. तिसऱ्या तारेबद्दल मग सवडीनं लिहीन.

केपानो

*

लास वेगास
१९ जून १९८९

केपानो,

सवड झाली का रे तुला?

परवा वेहिच्या नणंदेच्या नातीचा पहिला वाढदिवस झाला. सगळी मोलोकाईची माणसं, दीडशे पानं. एवढ्या वाळवंटात अळकुड्या कुटून केलेली पोई कुठून आणली देव जाणे. वेहिनं मला न विचारता गिटार गाडीत टाकली होती. "आई, वाजव गं." मी नको नको म्हणत बसले मांडी सरसावून.

आईचं गाणं वाजवलं. चूक एकही झाली नाही, हे तुला छातीला हात लावून सांगते. तिघी उठून नाचल्या. टाळ्या झाल्या. आंटी केआलोही आठवते ना, आपल्या वरच्या घरची, एक्याण्णव वर्षांची? तिला खुर्चीत आणलं होतं. मी तिच्यापाशी गेले. म्हणाली, "गोड वाजवतेस गं. अगदी केपानो." मी म्हटलं, "आंटी, ही बाबांची जुळणी आहे." तिनं माझा हात धरला. "नाही बाई. तुझा बाप वाजवायचा ना, तेव्हा इथे दुखायचं. हे नुसतं गोड आहे."

मी गाडीत जाऊन बसले. वेहि ताट घेऊन आली, मी दार उघडलं नाही.

मग रात्री तुला फोन लावला, तू नको म्हटलं होतंस तरी. तू उचललास. लाइन स्वच्छ होती, केपानो, तुझा श्वास ऐकू येत होता. मी काही न बोलता वाजवायला लागले. आणि तू, "हॅलो, हॅलो, कोण आहे?" ओरडत राहिलास माझ्या वाजवण्यावर, आणि ठेवून दिलास! दोन ओळी ऐकवल्या नाहीत तुला? इतकी लाज वाटली?

आंटीचं मी सोसलं असतं. तुझं नाही सोसवत. कान माझेच खोटे. बाबांनी तारा खिशात घातल्या ते बरोबरच केलं म्हणायचं. गिटार कपाटावर टाकलीय. तू आता काही लिहू नकोस.

मिलेका

*

पुकोओ
१२ ऑगस्ट १९८९

मिलेका,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. हे पाचवं. चार चुलीत गेली.

पहिलं हे, की मी बहिरा झालोय. थोडाथोडका नाही, ठार. अननसाच्या मळ्यात कापणीच्या यंत्राशेजारी तीस वर्षं काढली, डावा कान तिथेच गेला. उजवा तीन वर्षांपूर्वी तापात. कुणाला सांगितलं नाही. चर्चमध्ये लोक उठले की उठतो, हसले की हसतो. तू फोन केलास तेव्हा टेबलावर माझा हात होता, फोन थरथरला म्हणून उचलला. कुणीतरी असेल म्हणून ओरडत राहिलो आणि ठेवला. तू होतीस. तू वाजवत होतीस. कर्म माझं.

दुसरं याहून वाईट आहे.

मी सतरा वर्षांचा असताना बाबांनी आंब्याखाली बसवून मला सहा तारा लावून दिल्या. आणि म्हणाले, "यातली एक खोटी आहे. कुठली ते तू शोध. सापडली तर तुझा कान तयार झाला. नाही सापडली तर मी मरताना सांगेन." त्यांच्या बापानंही त्यांना अशीच दिली होती. पोरानं दारूच्या नशेत कुणाला सांगून टाकली तरी खरी बाहेर जाऊ नये, म्हणून. पुढच्याच वर्षी बाबा जाळं टाकायला गेले ते आलेच नाहीत. मरताना काय बोलले असतील ते समुद्राला ठाऊक.

कान होता तोवर, एक्केचाळीस वर्षं, मी ती तार शोधली, मिलेका. एकेक तार वर-खाली करून पाहिली. मला कधी कळलंच नाही. माझा कान तेवढा नव्हताच गं. बाबांनी चुकीचं पोर निवडलं. लोक म्हणायचे, "वा, हुबेहूब बाप!" आणि मी मान डोलवायचो. प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयताला मी चोरासारखं वाजवलं. शपथ वगैरे सगळं थोतांड. तू मागितलीस तेव्हा माझ्याकडे द्यायला खरं काही नव्हतंच.

मग तू लिहिलंस, बाबा दुसऱ्यांदा मरतील. म्हटलं, आहे ते तरी जाऊ दे तिच्याकडे. आणि मग तुझं एप्रिलचं पत्र आलं. "तिसरी मात्र चुकली होती." मी दारात उभा होतो, तिथेच बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिसरी होती ती. खरी तिसरी तू चौदाव्या वर्षी उचलली होतीस आणि पन्नास वर्षं सांभाळलीस. आपण दोघं एकदा, एकच संध्याकाळ, एका गिटारीपाशी बसलो असतो तर झालं होतं. पण मी तुला कधी बोलावलं नाही. तू तांदूळ धूत राहिलीस.

त्याच दिवशी तुला तार करायला हवी होती. "तिसरी उतरव." एवढंच. नाही केली. थोरल्या बहिणीला कुठल्या तोंडानं सांगायचं, की माझी खोटी आणि तुझी खरी? आज सांगतो, उद्या सांगतो, करत मे गेला, जून गेला. म्हणून हे आता वरातीमागून घोडं.

आता तू एवढं कर. गिटार कपाटावरून काढ. तिसरी तार तू आधी धरायचीस तशी उतरव. किती उतरती होती? केसभर? त्याहून जास्त? मला ऐकू येणार नाही, पण खुंटी किती फिरवायची ते लिही, मी माझ्यावर करीन. आंटी केआलोहीला ऐकव, तिला दुखलं तर तीच.

सापडली तर लगेच लिही. नाही सापडली तर ती मी घालवली. बाबांनी नाही, समुद्रानं नाही. मी. एवढं उरावर घेऊन मला मरायचं नाही गं.

केपानो

*

(हे पत्र टाकलं नाही.)

लास वेगास
२९ ऑगस्ट १९८९

केपानो, मेल्या,

हे पत्र तुझ्या तोंडावर फेकून मारावंसं वाटतंय.

आंटी केआलोही जुलैत गेली. बाबांचं वाजवणं कानात असलेलं शेवटचं माणूस. नाही, शेवटचं मी होते.

तुझं पत्र वाचून गिटार काढली. पाचही तारा लावल्या, तिसरी उतरवायला घेतली. केसाकेसानं उतरवली. दर ठिकाणी थांबून आईच्या गाण्याची पहिली ओळ वाजवली. इथे? नाही. जरा खाली? नाही. पार ढिली होईपर्यंत गेले आणि परत वर आले. अकरा दिवस हेच. वेहि म्हणते, "आई, एकच ओळ किती वेळा?" तिला काय सांगू?

मला ऐकू येत नाही, केपानो. कान धड आहेत, पण आत ऐकू येत नाही. एप्रिलपासून रोज तीन तास मी तुझी खोटी तिसरी वाजवली. कानाला खुपत होती तरी वाजवली, तू समोर बसून शिकला होतास म्हणून. रोज घासून घासून मी बाबांना धुऊन काढलं. माझा धंदाच तो, डाग ठेवायचा नाही. आता डोळे मिटले की आंबा दिसतो, फळीची भेग दिसते, बाबांचा अंगठा तारेवर दिसतो, आणि ऐकू तुझं येतं. पन्नास वर्षं कुणी मला दिलं नाही तेव्हा ते माझ्यापाशी होतं. तू दिलंस आणि गेलं.

"तिसरी उतरव." दोन शब्द रे. मी पन्नास वर्षं थांबले, तुला दोन शब्दांचा धीर झाला नाही.

आणि तुझ्यावर तरी काय ओरडू? माझा हात खुंटीकडे जात होता. तो बाबांचाच हात होता. मी त्याच्यावर मारलं आणि म्हटलं, तू फळीआडून ऐकलंस, गप्प बस. कुणी सांगितलं होतं मला तुझं खरं आणि माझं खोटं मानायला? घरात सगळ्यांनीच सांगितलं होतं, पण पन्नास वर्षांनी ऐकायचं कशाला?

काल तिसरी तशीच सोडून निजले. सकाळी पाहिलं तर ही भिकार खुंटी आपणहून घसरून कुठेतरी थांबली होती. वाजवून पाहिलं. वाईट नव्हतं. बाबाही नव्हते. कुणीच नव्हतं.

तू लिहितोस, एवढं उरावर घेऊन मरायचं नाही. मग मी काय करू? ते माझ्या उरावर घेऊ?

*

लास वेगास
३० ऑगस्ट १९८९

केपानो,

सापडली.

तुझं पत्र वाचलं आणि गिटार खाली काढली. पहिल्याच दिवशी मिळाली. कान विसरत नाही रे. तुझ्या सुरापासून खुंटी पाव फेरा उतरव, जास्त नको. आईच्या गाण्यात दुसऱ्या ओळीला कांडी वर नेऊन थांबवतो ना आपण, तिथे ती बाकीच्या तारांना लागते आणि अंगावर काटा येतो.

आंटी केआलोहीला ऐकवलं. तिनं छातीला हात लावला. "हाच तुझा बाप," म्हणाली. वेहि पण रडली.

तू काही घालवलं नाहीस. तूच पाच तारा राखल्यास, नाहीतर माझी एकटी काय कामाची होती? फोनचा राग मी सोडला. बहिरेपणाचं लपवलंस याबद्दल मात्र भेटल्यावर कान पिरगाळीन, तसेही ते रिकामेच आहेत. डॉक्टरला दाखव. आणि भात लावत जा.

तुझी मिलेका

*

पुकोओ
२१ सप्टेंबर १९८९

मिलेका,

पाव फेरा! फक्त पाव फेरा! एक्केचाळीस वर्षं मी त्या खुंटीला हात लावून बसलो होतो आणि पाव फेरा फिरवला नाही.

तुझं पत्र पोस्टातच फोडलं. पोस्टमास्तरीणबाई म्हणाली असेल, कोण गेलं, कारण मी तिथेच हुंदके देत होतो. घरी आलो, तार उतरवली, आणि आंब्याखाली बसलो. ऐकू कुठलं यायला. पण गिटारीच्या लाकडावर हनुवटी टेकवली आणि दुसऱ्या ओळीला कांडी वर नेली. दातांतून, कवटीतून, अंगभर आलं गं. दुखलं. आंटी म्हणायची तसंच दुखलं. तेच आहे. माझी खात्री आहे, तेच आहे.

आंटीला माझा निरोप सांग. म्हणावं, केपानो आता गोड वाजवत नाही.

जेवतोय. दोन वेळा भात लावतो. चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं की मी बहिरा आहे. त्यांना माहीतच होतं, लेकाचे.

आणखी एक केलं, तू रागावणार नाहीस ना? बाबांची रीत मोडली. आता एकालाच आणि मरताना वगैरे काही नको, त्यानं आपलं काय झालं ते पाहिलं आपण. चर्चच्या गाणाऱ्यांमधल्या त्या दोघी काहालेवाई बहिणी कधीच्या मागे लागल्या होत्या, त्यांना रविवारी बोलावलं आणि लिहून दिलं. शाळेच्या मास्तरांना दिलं. होनोलुलूच्या रेडिओवाल्यांना पत्र टाकलं, ते मशीन घेऊन पुढच्या महिन्यात येतायत. वर बाबांचं नाव घातलं आणि खाली तुझं, कारण सांभाळलीस तू. ज्याला हवं त्यानं घ्यावी. मिलेका, सहाच्या सहा दिल्या सगळ्यांना. एकही खोटी नाही.

केपानो